फक्त समितीसाठी

घाटनांदुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. समाजाच्या वधू-वर समितीनं मला वेबसाइट करून मागितली, तेव्हा कोण आनंद झाला होता. स्थळांची माहिती भरायचा फॉर्म मी स्वतः तयार केला नाही. वेबसाइटला जोडायचा आयता प्रोग्राम, म्हणजे एक प्लगइन फुकट मिळालं, ते बसवलं. शेवटचा रकाना होता : 'आजार किंवा इतर खासगी माहिती, फक्त समितीसाठी'.

माझी एक जुनी विद्यार्थिनी क्लासमध्येच बसून तो फॉर्म भरत होती. त्या रकान्यापाशी थांबली.

"सर, मला लहानपणापासून फिट येते. गोळी चालूच हाय. लिहू का?"

"लिही. समितीशिवाय कुणाला दिसत न्हाई," मी म्हणालो.

गेवराईचं स्थळ जुळलं. मुलाला आणि त्याच्या आईला तिनं आजाराचं आधीच सांगितलं होतं. त्यांची हरकत नव्हती. कपिलधारच्या देवस्थानात सुपारी फोडायचंही ठरलं.

याच दिवसांत त्या प्लगइनमध्ये धोका आहे, नवीन आवृत्ती टाका, अशी सूचना मला दिसली होती. साइट बिघडली तर समितीची माणसं बोलतील, म्हणून मी ती बाजूला सारली. पुढं मुलाच्या कुण्या मित्रानं इंटरनेटवर सहज तिचं नाव टाकलं आणि अख्खा फॉर्म समोर आला. गोष्ट गावभर झाली. मुलाच्या आईनं तिच्या घरी फोन केला, "आमी घरातल्या घरात निभावलं असतं. आता भावकीला काय सांगावं?" लग्न मोडलं.

साइट बंद करून मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांचं आडत दुकान होतं. ते उलट मलाच धीर द्यायला लागले.

"कुण्या हरामखोरानं चोरी केली, त्याला तुमी काय करणार, सर?"

"चोरी न्हाई झाली, काका. दार मीच उघडं ठेवलतं. सूचना आलती, मी ध्यान दिलं न्हाई."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ती आतल्या दारात उभी होती.

"आता कशापायी सांगितलं, सर?" ती म्हणाली. "तुमाला हलकं वाटलं आसंल. माझं जे गावाला कळलं, ते कळलंच."

मी चपला घालून निघालो.

नंतर समितीत नाव नोंदवलेल्या घरांना फोन करून माफी मागितली. पण आणखी कुणाचं काय बाहेर गेलं, ते आजही मला पक्कं ठाऊक नाही. काही वर्षांनी तिचं लग्न लातूरकडं झाल्याचं कानावर आलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. बायको म्हणाली, गडबडीत राहिलं असेल. मी हो म्हणालो.