दोन खणांचा डबा

देवानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात शंभरेक माणसांना हसवत होतो. आमच्या मेडशीत मंडप कुणाचाही असो, नकला माझ्या. फोन ठेवला आणि... उरलेली नक्कल पुरी केली. लोक पोट धरून हसले, मग मी खाली बसलो. माझा शाळेपासूनचा मित्र झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं.

आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला कारकून होता. खिशात सदा दोन खणांचा स्टीलचा डबा, एकात सुपारी, दुसऱ्यात गोळ्या. भेटलो की डबा उघडून पुढे करायचा, मी सुपारी उचलायचो. "कायच्या रे गोळ्या?" "पित्ताच्या." "एवढं पित्त तं म्हशीलेही नसते, बाप्पा!" हा विनोद मी वर्षानुवर्षं चालवला. टाळ्या मिळायच्या.

एकदा स्टँडवर अकोल्याच्या बसची वाट पाहत होतो. तो हळूच म्हणाला, "भाऊ, ह्या पित्ताच्या नाई. डोक्याच्या डॉक्टरनं देल्या. मले बायको नाई पायजे. मले माणूस आवडते, पयलेपासून. रोज वाट्टे, जगू कायले?" आणि मी? डोक्यावर पदर घेतल्यासारखं करून लाजलो, "इश्श! मंग मले काहून नाई इचारलं?" चहावाला हसला, बाकावरच्या म्हाताऱ्या हसल्या. कशाला हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. देवानंदही हसला... बस आली. पुन्हा कधी त्यानं तो विषय माझ्याजवळ काढला नाही.

वरून, लग्न झालं की गोळ्या सुटतात, असं मीच त्याच्या आईला पटवलं. नऊ मुली दाखवल्या. तो यायचा, पोहे खायचा, जमिनीकडे बघायचा आणि घरी जाऊन आठ-आठ दिवस अंथरूण सोडायचा नाही. मग डब्यात एक गोळी वाढायची. 'देवानंद मुलगी पाहतो' ही माझी नक्कल मात्र तालुक्यात गाजली.

पुण्यानुमोदनाला त्रिसरण-पंचशील झालं आणि माइक माझ्याकडेच आला. "आईच्या सेवेसाठी या माणसानं लग्न केलं नाही!" मी ठोकून दिलं. मंडप रडला. त्याची आई तेवढी कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

जेवणं उरकल्यावर तिनं मला आत बोलावलं. "बोलला तं मस्त, बाबू. पन खोटं काहून बोलला?"

मी सवयीनं हसायला गेलो.

"दोन सालाआधी सांगतलं त्यानं मले सारं. म्या म्हटलं, बाबू तुह्या जिवाचा हाये, त्याले सांग. तं म्हणे, सबन्यात पयले त्यालेच सांगतलं, माय. तो लय हासला."

तिनं डबा माझ्या हातात ठेवला.

आता तो माझ्या टेबलावर असतो. एका खणात तीन गोळ्या उरल्यात. दुसरा खण त्याच्या हातच्या कातरलेल्या सुपारीनं काठोकाठ भरलेला आहे... देवानंद सुपारी खात नव्हता.