वकिलातीच्या फरशीवरचा तांदूळ

अमेरिकेच्या वकिलातीच्या फरशीवर गुडघे टेकून मी तांदूळ वेचलेले आहेत. अंगात मित्राचा सूट होता, गळ्यात टाय होता आणि मागे मुंबईभरची सभ्य माणसं रांगेत उभी होती. हे मी कोणाला सांगणार नव्हतो. पण चंद्रपूरकडच्या आमच्या मूल तालुक्यात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस आता उरलेला नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझी धाकटी बहीण शालू लग्न करून अमेरिकेला गेली आणि वर्षभरात तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिथल्या डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली. जावयाची आई लहानपणीच वारलेली. शेजारी कोण राहतं हेसुद्धा शालूला माहीत नव्हतं. दर रविवारी गावातल्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. तिकडे ती रडायची, इकडे आई रडायची, आणि मागे नंबर लावून बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसायच्या (त्यांचे फोन लागत नसत, म्हणूनही असेल).

एका रविवारी आईनं फोन ठेवला आणि जाहीर केलं, "मी जातो पोरीपाशी. पण एकटी नाई जात. तुह्या बाबाले संग घेतो."

म्हणजे बाबा जाणार. आणि दोघांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी जाणार. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. हे वाक्य त्या दिवसांत मी कोणीही न विचारता बऱ्याच जणांना ऐकवलं. शाळेत माझा निरोप समारंभसुद्धा झाला. व्हिसाचा अजून पत्ता नव्हता, पण मुख्याध्यापकांना भाषण करायचं होतं आणि मला ऐकायचं होतं.

अडचण एकच होती, ती म्हणजे बाबा. बाबा धानाचे शेतकरी. आयुष्यात त्यांनी कोणाचं काही ऐकलं असेल तर पावसाचं, तेही नाइलाजानं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही, ही जुनी रीत बाबा अशी पाळायचे की ती त्यांच्यासाठीच निघाली असावी. अमेरिकेला जाण्याआधी शालू लग्नानंतर थोडे दिवस नागपूरला होती. बाबा तिला भेटायला जायचे ते बसस्टँडवर जेवून. तिच्याकडे तहान लागली तर रस्त्यापलीकडच्या सरकारी नळावर जाऊन पाणी पिऊन यायचे. जावईबापू खिडकीतून बघत राहायचे.

आणि अमेरिकेचा नियम नेमका याच्या उलटा! तुम्ही तिथे आलात तर तुम्हाला पोसणार कोण, हे आधी सांगा. आमच्याकडे उत्तर तयार होतं. सासू-सासऱ्यांचं सगळं खाणंपिणं माझ्याकडे, असं जावयानं रीतसर लिहून पाठवलं होतं. दुसरा नियम त्याहून कडक. येणारा प्रत्येक माणूस कायमचा ठाण मांडायलाच येतोय, असं साहेब धरून चालतो. आपण परत जाणार हे आपण पटवून द्यायचं.

मी तालीम सुरू केली. स्वयंपाकघराच्या खिडकीआड मी साहेब होऊन बसायचो, आई-बाबा बाहेर अंगणात उभे. आईला मी सांगून ठेवलं होतं की बाळंतपणाचा ब्र काढायचा नाही, नाहीतर साहेबाला वाटेल ही बाई लेकीकडे कामाला चालली. फक्त 'फिरायला' म्हणायचं. आई लगेच शिकली. बाबांना मी विचारायचो, तुमचा खर्च कोण करणार? बाबा म्हशीकडे बघायचे. पुन्हा विचारलं की आभाळाकडे बघायचे. आठवडाभरानं एकदाचं त्यांच्या तोंडून "जवाई" बाहेर पडलं, कडू काढा घशाखाली उतरवल्यासारखं. तालीम बघायला जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी जिंकलो असं मला वाटलं.

आणखी एक धडा मी घोटून घेतला होता. साहेब तोंडी काही मानत नाही, जे बोलाल त्याचा पुरावा समोर ठेवायचा. माझ्या सगळ्या शिकवणीतला हा एकच धडा बाबांच्या डोक्यात राहिला.

आम्ही चंद्रपूरहून रेल्वेनं मुंबईला गेलो. वकिलातीच्या दारावर पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या. बाबांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला एक भली मोठी गाठ होती. पहारेकऱ्यानं विचारलं, "ये क्या है?"

"चावल," बाबा म्हणाले.

मी तेव्हा दोन माणसं सोडून पुढे उभा होतो. मागं वळून बघितलं नाही. उलट शेजारच्या गृहस्थाशी हवामानावर इंग्रजीत बोलायला लागलो, म्हणजे हे धोतरवाले माझे कोणी नाहीत असं वाटावं. पहारेकऱ्यानं तांदळाचा वास घेतला आणि बाबांना आत सोडलं.

खिडकीपलीकडे एक तरुण गोरा साहेब होता आणि त्याच्या शेजारी चष्मा लावलेली एक बाई. बाईंनी नमस्कार केला आणि स्वच्छ मराठीत सांगितलं की साहेबांचे प्रश्न त्या मराठीत विचारतील. म्हणजे माझ्या इंग्रजीची तिथे काडीची गरज नव्हती. गाव सोडल्यापासूनचा माझा अर्धा तोरा तिथेच उतरला.

बाईंनी आईला विचारलं, कशासाठी चाललात? आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. "पोरीचं पहिलं बाळंतपण हाय," ती म्हणाली, "तिच्यापाशी कोणीच नाई." मग साहेब बाबांकडे वळला. तिथे तुमच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार?

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. म्हैस नव्हती, आभाळ नव्हतं. मी कोपरानं ढोसलं. हळूच 'जावई' असं पुटपुटलोसुद्धा. बाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. वर्गात मी मुलांना असंच गप्प करतो.

"सायेब, खोटं काऊन बोलू," बाबा म्हणाले. "ह्या पोरानं मले 'जवाई' म्हणायले शिकवलं. पण लेकीले लेकरू होयेपर्यंत आमी तिच्या घरचं खात नाई. आमचा तांदूळ आमी घेऊन जातो."

आणि पुरावा म्हणून त्यांनी गाठ सोडली. खिडकीखालच्या फटीतून मूठभर तांदूळ आत सरकवला आणि सांगितलं, जुना आहे, हात लावून बघा. साहेबानं खरंच हात लावून बघितला. बाकीचा तांदूळ काठावरून सांडला आणि फरशीभर झाला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पायदळी नको पडू देऊ. उचल."

मी सुटाची पँट वर ओढली आणि गुडघ्यावर बसलो. त्यामुळे पुढची मुलाखत मी पाहिली नाही, फक्त ऐकली. बाईंनी विचारलं की बाळ झाल्यावर तर तुम्ही लेकीकडे जेवाल, मग तिथेच राहाल का? वरून बाबांचा आवाज आला, "नाई जी. दिवाळीनंतर धान कापायले येतो. वावरातल्या बांध्या कोणाच्या भरोशावर सोडू? ह्याच्या?" बाबांनी तेव्हा माझ्याकडे बोट दाखवलं असावं, कारण मागची रांग हसली. एका बाईनं आपली चप्पल उचलून खालचे चार दाणे मला दाखवले.

वर इंग्रजीत थोडं बोलणं झालं. मग बाई म्हणाल्या, "साहेब म्हणतात, जो माणूस लेकीच्या घरी जेवायलाच तयार नाही, तो तिथे राहणार कसा? तुम्हा दोघांना व्हिसा मिळाला."

आई तिथेच रडायला लागली. मला इतकी लाज वाटली की उठवेना. ज्या उत्तरानं शालूची सोय झाली, नेमकं तेच उत्तर गिळायला मी बाबांना आठवडाभर शिकवत होतो. आणि ज्या दुपट्ट्यापासून मी दोन माणसं दूर उभा राहिलो, त्याच्या गाठीत तिची आई तिच्याजवळ पोहोचवण्याची ताकद होती.

"तिसरे कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

मी खिडकीखालून उगवलो. मूठ तांदळानं भरलेली होती. बाईंची मदत नको, मी इंग्रजी शिकवतो, असं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. त्यानं विचारलं, तुम्ही नसलात तर शाळेचं काय? आपल्याकडे विनय नावाची एक गोष्ट असते. माझ्यावाचून शाळेचं काहीच अडत नाही, असं मी विनयानं सांगितलं. बायको? अजून नाही. शेती? बाबांच्या नावावर. साहेबाचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी त्यालाच माझी दया आली असावी. तो हसून म्हणाला, तुम्हीही आपला तांदूळ घेऊन जाणार का?

इथे मला आपण आधुनिक आहोत हे दाखवायची संधी दिसली. मी म्हणालो, छे हो, मी असल्या जुन्या रीती मानत नाही. बहिणीकडे खुशाल जेवीन. ती वाढेल तितके दिवस जेवीन.

साहेबाचं हसू तिथेच थांबलं. माझा पासपोर्ट नकारासकट फटीतून परत आला.

आई-बाबा अमेरिकेला गेले. तांदूळ तिकडच्या विमानतळावर काढून घेतला म्हणे, तेव्हा दुकानातून आपल्या पैशानं दुसरा घेतल्याशिवाय बाबा शालूचा उंबरठा चढले नाहीत. मुलगी झाली. त्या दिवशी बाबा जावयाच्या घरी पहिल्यांदा पोटभर जेवले, आणि कापणीला बरोबर परत आले. शाळेतल्या निरोप समारंभानंतर मात्र मी दुसऱ्याच सोमवारी हजेरी घेत होतो. मुलं माझ्याकडे न बघता 'हजर' म्हणत होती, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

पुढच्या उन्हाळ्यात वरोऱ्याला मी बाबांबरोबर लग्नासाठी मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांच्या कानावर काही तरी आलं होतं. "अमेरिकेनं तुमाले काऊन नाई म्हटलं जी?" त्यांनी विचारलं. मी सावरून काही बोलणार, तोच बाबा म्हणाले, "हा एकदा जेवाले बसला का उठत नाई, हे त्याईले समजलं."

लग्न तिथेच जमलं, संसारही बरा चालला आहे. पण आजही सासुरवाडीला गेलो की सासरे आधी दारात उभे राहून परतीची गाडी कितीची आहे ते विचारतात, मी खिशातून तिकीट काढून दाखवतो, आणि मगच आतून ताट येतं.