न विचारणारं यंत्र

ओमाइरा उझकातेगीच्या यंत्रखोलीत एकेकाळी खुर्च्या कमी पडायच्या. मग एक जण लिमाला गेला, कुणी बोगोटाला, कुणी लेकीच्या मागे माद्रिदला. शेवटी उरला होता गिल्बेर्तो. तोही एक दिवस खोलीच्या किल्ल्या तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "घ्या दोन्या ओमाइरा, आता तुम्हीच राणी."

दोन्या म्हणजे बाईसाहेब; पण राणी कसली डोंबलाची! आन्देसच्या डोंगरातल्या त्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये वीज येण्यापेक्षा जायचीच जास्त. सर्व्हर म्हातारे झालेले. त्यांच्या पोटातल्या, नाण्याएवढ्या बॅटऱ्या कधीच मेलेल्या, आणि नव्या मागवायच्या तर कोणाकडून? वीज गेली की यंत्रांना काही आठवायचं नाही. आज तारीख काय, आपण कोणत्या डिस्कवरून उठायचं, सगळं कोरं. अशी विसरलेली यंत्रं उठली की केबलवर हाक मारायची, "मी कोण? मला काय करायचंय?"

त्या हाकेला ओ द्यायला गिल्बेर्तोने कोपऱ्यात एक छोटं यंत्र बसवलं होतं. कुणी हाक मारली की ते केबलवरूनच त्याच्यात हायपरवायझर भरायचं. हायपरवायझर म्हणजे घरमालक. एका सर्व्हरमध्ये दहा बिऱ्हाडं नांदवतो: कुठे ग्रंथालय, कुठे पगार, कुठे विद्यार्थ्यांचे गुण. पण नवा मालक बसवायचा तर आधी घर रिकामं करावं लागतं. म्हणून ते यंत्र दर वेळी विचारायचं, "डिस्क पुसू का?"

हा प्रश्न ओमाइराने काढून टाकला. कारण साधं होतं. वीज टिकणार तासभर, त्यात प्रत्येक सर्व्हरपुढे उभं राहून "हो, पूस" म्हणत कोण बसणार? काम संपलं की कोपऱ्यातल्या यंत्राचा प्लग काढून ठेवायचा, एवढं पथ्य तिने स्वतःला घालून घेतलं होतं आणि ते आजवर नीट पाळलंही होतं.

घरात एकच विषय चालू होता. तिचा मुलगा योर्मान त्याच पॉलिटेक्निकमधून लेथचं काम शिकून बाहेर पडला होता. मावशीने चिलीत, कॉन्सेप्सिओनला, त्याच्यासाठी एक वर्कशॉप बघून ठेवलं होतं. अट एकच, शिक्क्याची गुणपत्रिका हवी, आणि ती निघायची ओमाइराच्याच यंत्रांतून.

"आई, माझा कागद?" तो रोज सकाळी पिस्काच्या, म्हणजे दूध-बटाट्याच्या सूपच्या, वाटीवर मान घालून विचारायचा.

"रांगेत पोरं उभी आहेत. आधी त्यांचं. माझ्या पोराचं आधी काढलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक सगळे पेरू देशात आहेत, आई!"

तो हसायचा, तीही हसायची, आणि कागद राहून जायचा. लोकांचं कारण खोटं होतं हे तिला माहीत होतं. कागद निघाला की पोरगा जाणार, घरात ती एकटी उरणार, आणि त्या एकटेपणाची तिला भयंकर भीती वाटायची. मी तिला दोष देणार नाही. त्या गावातल्या कुठल्याही आईने हेच केलं असतं.

एका सकाळी कुठल्याशा संस्थेने दान केलेला सर्व्हर आला. ओमाइराने तो जोडला, कोपऱ्यातल्या यंत्राचा प्लग लावला आणि काम सुरू केलं. अर्ध्यातच वीज गेली. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, गॅसची गाडी आली! घरातला सिलिंडर रिकामा होता. ती तशीच पळाली. प्लग तसाच राहिला.

वीज आली तेव्हा ती रांगेतच होती. पहारेकरी सेन्योर एक्सिओने आपला शिरस्ता पाळला. त्या गावात वीज आली की जो जवळ असेल तो सगळी बटणं चालू करतो. आलेली वीज वाया घालवणं म्हणजे पाप.

ती परतली तर एक्सिओ दारातच उभा. "सगळं चालू केलंय, दोन्या. आणि आज एकही यंत्र कुरकुरलं नाही हो! सगळ्यांवर हिरवी अक्षरं."

ओमाइरा आत गेली. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ होती: स्थापना यशस्वी. विसरलेल्या सगळ्या यंत्रांनी हाक मारली होती, आणि कोपऱ्यातल्या यंत्राने न विचारता प्रत्येकाची डिस्क पुसून नवा मालक बसवला होता. ग्रंथालय गेलं, पगार गेले, गुण गेले. गुणांची नक्कल होती, पण ती शेजारच्याच सर्व्हरमध्ये, आणि तोही तितकाच यशस्वी झाला होता. जुने कागद तळघरातल्या ओलीने केव्हाच लगदा होऊन गेले होते.

"काही चुकलं का माझं?" एक्सिओने विचारलं.

"नाही हो. तुम्ही चांगलंच केलंत," ती म्हणाली. त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: आता योर्मान जाणार नाही. तिला बरं वाटलं. पुढच्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी तिने योर्मानला सगळं सांगितलं.

"मुद्दाम केलंत?"

"देवाशपथ नाही!"

"मग इतके दिवस माझा कागद का नाही काढलात?"

मक्याच्या भाकरीसारखा अरेपा तव्यावर करपत होता, तिने तो उलटलाही नाही.

"मला राहा म्हणायचं होतं ना," योर्मान म्हणाला, "तर सरळ म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं तर राहिला असतास?"

"नाही. पण कागद घेऊन गेलो असतो."

पुढच्याच आठवड्यात तो निघाला. मावशीने कळवलं होतं, वर्कशॉपवाल्याने दुसरा माणूस घेतला, पण मासळी बाजारात पेट्या उचलायला कुणीही चालतं. बसथांब्यावर ओमाइराने त्याच्या कॉलरची घडी सारखी केली. तो मान वळवून उभा राहिला, पण तिचा हात त्याने दूर केला नाही.

"तिकडे कुणी विचारलं, काय शिकलायस, तर काय सांगू?"

ओमाइराला त्याच्या प्रत्येक विषयाचे, प्रत्येक परीक्षेचे गुण तोंडपाठ होते. तिने पहिल्या सत्रापासून ते म्हणायला सुरुवात केली. बसचं दार लागलं, बस हलली, तरी ती म्हणतच होती.