मावशीचा गुप्त उखाणा

क्रिप्टोचे व्यवहार कुणाला दिसू नयेत म्हणून मी दहिवलीत घरी बसून एक ॲप बनवलं. परदेशात अशी ॲपं बनवणाऱ्यांवर खटले चालू होते, त्यामुळे पोलिसांची जीप दिसली तरी मी लॅपटॉप बंद करून ठेवायचो.

सामान्य माणसालाही जमावं म्हणून मी पासवर्डाचे शब्द साधे मराठी ठेवले आणि ॲप पहिल्यांदा मावशीला दिलं. "हे शब्द लिहायचे नाहीत, पाठ करायचे," असं तिला बजावलं.

पाठ राहावेत म्हणून मावशीनं त्यांचा उखाणा केला आणि हळदीकुंकवात काकांचं नाव घेऊन ठणकावून म्हटला. बायकांनी तो पुन्हा म्हणायला लावला.

माझं डोकंच फिरलं. मावशी म्हणाली, "घाबरतोस कशाला रं? लपवलंस म्हणून पोलीस आले, तर त्यांनाबी उखाणा म्हणून दाखवते!"