जनीआत्याचं नाव

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, देवासमोर पुटपुटले म्हणावं तर तेही नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवले गायचे, देवांना बोलवायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे माझं काम. सुकापूरपासून उरणपर्यंत बायका म्हणतात, हिच्या गाण्यात कुणाचं नाव राहून जात नाही. मला ते ऐकून बरं वाटतं — खोटं कशाला बोलू?

एक नाव मात्र मी कायम गाळत आले. जनीआत्या. माझ्या वडिलांची बहीण, भर तारुण्यात गेली. तिच्या आंघोळीचं पाणी मी काढून द्यायचे, त्यामुळे तिच्या छातीवरची जखम मी पाहिली होती. घरात ठरलं, कुणी विचारलं तर कावीळ म्हणायचं. मागे लग्नाच्या पोरी होत्या ना! ते खोटं मोठ्यांचं होतं. माझं पुढे आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी रूपाली. आत्या गेली तेव्हा भाऊ पाळण्यात होता, त्याला कावीळच ठाऊक. ऐन उमेदीत रूपालीला स्तनाचा कर्करोग निघाला. पनवेलच्या दवाखान्यात एका मॅडमनी आम्हा तिघींना समोर बसवलं — रूपाली, तिची आई म्हणजे माझी वहिनी, आणि मी. घरात कुणाकुणाला हा आजार झाला ते विचारत त्या कागदावर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढत होत्या. नीट समजावलं त्यांनी. काही घरांत हा धोका रक्तातून येतो. आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. तपासणीत तो निघाला म्हणजे आजार झाला असं नाही, पण आधीच सावध होता येतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, वडिलांकडे कुणाला होता का?

मी म्हटलं, "नाय. आमचे घरान कोनाला काय नाय."

मला कळलं नव्हतं का? लख्ख कळलं होतं. पण माझ्या शेंडेफळाचं, मनीषाचं, तळोज्याला जमत आलं होतं. हे कारण झालं. कारण म्हणजे माफी नव्हे, एवढं मला कळतं.

रूपालीच्या तपासणीत तो रक्तातला धोका निघाला. बापाकडे कुणी नाही म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? वहिनीच्या माहेराकडे. त्या घरची पोर करू नका, अशी कुजबुज सुरू झाली. वहिनीलाही तपासणी सांगितली होती; ती गेली नाही. काही निघालं तर भाच्यांची लग्नं मोडतील म्हणून. आणि मी? नुसती गप्प बसले असते तर एक वेळ ठीक. एकदा भाकऱ्या थापताना, चारचौघींत, मीच म्हणाले — खाण तशी माती! वहिनी तिथेच चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, तव्यावरची भाकरी उलटली.

झालं, बोलले. पण हे निम्मंच.

मनीषाची हळद आली. पोटच्या पोरीला दुसरी धवलारीण कशाला, म्हणून मीच गायला बसले. मामाच्या घरच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या, पितरांना बोलवायची वेळ आली आणि समोर हळदीने माखलेली माझी पोर — जनीआत्याचंच रुंद कपाळ. हिच्या रक्तात ते असलं तर? हिला मी डोळे बांधून सासरी धाडतेय का? आवाज लावला तो मांडवाबाहेर गेला. "ये गो जनीआत्या, कावील नव्हती तुना, छातीचे दुखन्यान गेलीस, ये!"

उष्टी हळद घेऊन आलेली मनीषाची होणारी सासू उठली. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. ती येऊन माझ्या शेजारी बसली. "माजे भयनीला पन हेच झालता. आमी पन लपवला."

मग काय विचारता! लग्न दणक्यात झालं. पाठोपाठ आम्ही सगळे दवाखान्यात. भावात निघालं, माझ्यात निघालं, मनीषातही निघालं. वहिनीत काही नाही! मॅडमनी वाटा समजावल्या आणि निवड आमच्यावर सोडली. मी या वयात, आजार नसतानाच, ऑपरेशनला हो म्हटलं. मनीषाने दरवर्षीच्या तपासण्या निवडल्या, जावई सोबत जातो. रूपाली बरी झाली — परवाच्या हळदीत अशी नाचली की बेंजोवाले दमले. आता गावोगावच्या हळदीकुंकवाला मला बोलावतात. मी ठणकावून सांगते, आईकडचं विचारता तसं बापाकडचंही विचारा, आधी समजून घ्या, मग ठरवा. बायका खरंच जातात. काहींचं अगदी वेळेत सापडलं. माझा ऊर अभिमानाने भरून येतो, आणि ते मी लपवणार नाही.

पण लोक म्हणतात, त्या दिवशी जनीआत्या माझ्या अंगात आली. हिला बिचारीला कुठलं आठवत होतं, आत्यानेच बोलून घेतलं. मी म्हणू दिलं. वहिनीने साडी-नारळाने माझी ओटी भरली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आक्का, तुजे तोंडून आत्या बोलली, माजे माहेराचा डाग सुटला." मी पदर पसरून ती ओटी घेतली. ती साडी मी नेसते.

अंगात कुणी आलं नव्हतं. खाण आमची होती, वहिनी. त्या मॅडमसमोर तुझ्या शेजारी बसले होते, तेव्हाही मला ठाऊक होतं.