रूमसाठी आलेला फोन

हे मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू. मी मुळात कमी बोलते. लोकांना तो चांगुलपणा वाटतो — दर वेळी तसं नसतं.

सुरुवात एका गेमपासून करावी लागेल. मारामारीचा गेम. समोरासमोर दोन फायटर, वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपली तो आडवा. त्याचे आजवर बरेच भाग आले. मी पाहिला तो दुसरा, अलिबागला मावसभावाच्या घरी. मुलगे खेळायचे आणि मी दारात उभी राहून बघायचे. मला कोणी ‘ये’ म्हटलं नाही, मीही ‘मला द्या’ म्हटलं नाही. पण बघून बघून सगळं पाठ झालं — कोण कधी वाकतो, कोण उडी मारायच्या आधी खांदा हलवतो. तिसरा भाग बाबांनी आमच्या कॉम्प्युटरवर घालून दिला, तेव्हापासून मी एकटीच मशीनशी खेळायचे. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत ह्यावर बोलायला एकही मुलगी नव्हती. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटायचं. ही एक गोष्ट फक्त माझी होती.

मग फरझाना आली. कॉलेजला जाताना ती रेवदंड्याहून एसटीत बसून यायची आणि मी नागावला चढायचे. तिच्या पाण्याच्या बाटलीवर त्या गेममधल्या एका बाईचं स्टिकर होतं, लांब काठी घेऊन लढणाऱ्या. मी त्याकडे बघत राहिले. तीच म्हणाली, “काय गो, खेळतेस?” मी मान हलवली. बस अलिबागला पोचेपर्यंत तीच बोलत होती.

तिचे अब्बा मस्कतला एका गोदामात कामाला होते. एका सुट्टीत त्यांनी तिच्या भावासाठी गेमचं मशीन आणलं, सोबत चौथा भाग. भावाचा जीव क्रिकेटमध्ये, त्यामुळे मशीन फरझानाच्या वाट्याला आलं. मी तिच्या घरी जाऊ लागले. आम्ही फायटरना आमची नावं ठेवली. काठीवाली म्हणजे दांडेकरकाकू. आणि एक अगडबंब पैलवान होता, तो पडला की सपाट पडायचा — तो पापलेट.

शुक्रवारी अब्बांना सुट्टी असायची. जुम्म्याची नमाज झाली की ते मस्कतहून व्हिडिओ कॉल लावायचे, आणि फरझाना मोबाइल बिस्किटांच्या डब्याला टेकवून टीव्हीकडे वळवून ठेवायची. ते तिकडे जेवत जेवत आमच्या मॅच बघायचे. “अगो, खाली वाक! काकूला खाली वाकव!” एवढ्याशा स्क्रीनमधून ओरडायचे. ती जिंकली की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला उठवून सांगायचे, “माझी पोरगी बघ.” मी हरले की मलाही म्हणायचे, “तू पण बरी खेळतेस हां, बेटी. पण घाबरतेस.”

हे सगळं मी इतकं सविस्तर का सांगतेय? कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दर शुक्रवारी. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ती माझ्याहून चांगली होती. हे लिहायला मला अजून जड जातं. गेम मी आधी शिकले होते, सगळ्या चाली मी तिला समजावल्या होत्या — आणि थोड्याच महिन्यांत ती मला हरवायला लागली. मी पाठ केलेलं खेळायचे. ती समोरच्याला वाचायची. मी हरल्यावर हसायचे. ते हसू मी चांगलं शिकले होते.

पाचवा भाग आला त्या वर्षी एक ऑनलाइन स्पर्धा होती. तिच्याकडे नेट धड चालायचं नाही. आमचं होमस्टे, पाहुण्यांसाठी चांगली लाइन घेतलेली, म्हणून ती मशीन पिशवीत घालून स्कूटीवरून आमच्याकडे आली. नावं दोघींची दिली. नंबर माझाच दिला. तिच्या घरी मोबाइल अम्मीचा, आणि शिवाय ती म्हणाली, “तुझाच टाक गो. कोण इंग्लिशमध्ये बोलला तर माझी बोबडी वळेल.”

स्पर्धेतून मी लवकर बाहेर पडले. ती शेवटच्या आठांत गेली. आईने त्या दिवशी तिला सुरमईची मोठी तुकडी वाढली आणि मला शेपटीकडची. मुद्दाम नव्हे, पाहुणी म्हणून. पण मी ते लक्षात ठेवलं. बघा, काय काय लक्षात ठेवते मी.

पुढच्या आठवड्यात फोन आला. दुपारची वेळ, मी मागच्या अंगणात पाहुण्यांच्या चादरी काढत होते. फरझाना आतल्या खोलीत होती, मशीन लावून माझी वाट बघत. मधे एक भिंत होती, बस. फोनवर पुण्याचा एक माणूस होता, इंग्रजीत बोलत होता. ते मुलींची एक टीम करत होते. काही महिने तिथे राहणं, सराव, मग दुसऱ्या शहरांत जाऊन खेळणं. मुलींच्या राहण्याची सोय होती, सोबतीला बाई होती, सगळं नीट सांगत होता. फरझाना त्याला हवी होती. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी थोडी थांबले — घेईल म्हणून.

मग त्याने विचारलं, तिच्याशी बोलता येईल का?

आतून तिची हाक आली, “अगो, ये ना! किती वेळ?” त्यालाही ती ऐकू गेली असेल कदाचित.

मी म्हटलं, तिच्या घरचे पाठवणार नाहीत. मुस्लिम कुटुंब आहे, जुन्या वळणाचे लोक आहेत, वडील फार कडक आहेत, तुम्हाला कल्पना असेलच.

त्याला कल्पना होती. लगेच होती. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, ‘मी एकदा वडिलांशी बोलून बघू का’ असंही नाही. समजुतीच्या स्वरात ‘हो, हो, कळतं मला’ म्हणाला आणि फोन ठेवला. एवढं सोपं होतं ते. हे मी मराठीत लिहितेय, कारण ती वाक्यं मी इंग्रजीत बोलले होते — सफाईदार, न अडखळता. त्या भाषेत मला कधीच अडखळायला होत नाही.

मी आत गेले. “कोण होतं?” तिने विचारलं. मी म्हटलं, रूमसाठी फोन होता. फुल आहे सांगितलं.

“सीझन नसताना फुल?” ती हसली. “तुझी आई चपलेने मारेल तुला!”

आम्ही खेळायला बसलो. त्या दिवशी मी जिंकले. ती मला जिंकू देत होती की काय, कोण जाणे.

पुढे काही दिवस ती विचारायची, “आला काय गो फोन?” मी नाही म्हणायचे. मग तिने विचारणं सोडलं. एका शुक्रवारी अब्बांनी विचारलं, डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून, “त्यांनी बोलावलं नाय?” तिने नुसती मान हलवली. ते म्हणाले, “त्यांना कळत नाय खेळातलं. बोलावलं असतं तर मी रजा काढून आलो असतो तुला पोचवायला.” मी तिथेच बसले होते. हातातलं बिस्किट मी पूर्ण खाल्लं.

मत्सर होता का? होता. ती गेली असती तर मी पुन्हा एकटी पडले असते, हेही होतं. पण ही कारणं मी नंतर शोधली. फोनवर बोलताना मनात काहीच नव्हतं. जग तिच्या लोकांबद्दल जे मानायला तयार बसलंय ते मला ठाऊक होतं, आणि ते माझ्या हाताशी होतं. मी ते वापरलं. ज्या घरात मी जेवले, त्या घराबद्दल.

तुम्हाला वाटेल, पुढे तिचं वाटोळं झालं. नाही झालं. तिने फार्मसीचा डिप्लोमा केला. अलिबागला एका मेडिकलमध्ये काम करते, गिऱ्हाइकांना हसवते. फक्त ती खेळत नाही. मशीन तिने बहिणीच्या मुलीला, भाचीला देऊन टाकलं. सहावा भाग आला तेव्हा मी घेतला. ऑनलाइन अनोळखी लोकांशी खेळते, बऱ्यापैकी जिंकते. काकूला घेऊन मात्र खेळता येत नाही मला. दोनदा निवडली आणि बंद केलं.

ह्या ईदला तिच्याकडे गेले होते. अब्बा आता कायमचे परत आलेत. त्यांनीच शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली. भाची शेजारी बसून बटणं बडवत होती. तिने विचारलं, “खाला, तू खरंच भारी खेळायचीस?”

“नाय गो,” फरझाना म्हणाली. “आपल्या वाडीपुरती भारी. मोठ्या लोकांनी बघितल्यावर कळलं, आपण काय ते.” तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ती हे मानून चालली होती, जसं आपण आपली उंची मानून चालतो. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हिला विचार. हिने सगळं बघितलंय.”

भाची माझ्याकडे वळली. अब्बाही बघत होते.

‘खूप भारी होती’ म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग बोलावलं का नाही? तो मला आधीच ऐकू आला.

“बरी होती,” मी म्हटलं.

फरझाना हसली, “बघितलंस?” म्हणाली, आणि माझी वाटी पुन्हा भरायला घेऊन गेली.

ती नुसती बरी नव्हती. ती पुण्याच्या त्या माणसाला हवी होती. तिचे अब्बा तिला पोचवायला निघाले असते. नाही म्हटलं ते मी.