सोसोनोचं दुसरं राज्य

आसावरीबाईंना शाळेतून काढलं, असं कोणीच म्हणालं नाही. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या मराठी शाळेच्या नव्या कमिटीने त्यांना शाल दिली, फोटो काढले, आणि अध्यक्ष अतुल वाकून म्हणाला, "काकू, खूप केलंत. आता मस्त आराम करा."

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, उल्हासरावांनी, आपल्या गराजमध्ये पाच मुलं घेऊन ही शाळा सुरू केली होती. शाळा वाढली, तशी एका कोरियन चर्चच्या तळघरात गेली. तीन वर्षांपूर्वी उल्हासराव गेले. आता सगळं टॅब्लेटवर शिकवायचं ठरलं होतं, आणि आसावरीबाईंच्या हाताने लिहिलेल्या तक्त्यांना जागा नव्हती.

ते तक्ते आणायला त्या एका शनिवारी चर्चमध्ये गेल्या. मराठी शाळा रविवारी भरे, शनिवारी तिथे कोरियन मुलांची शाळा असे. ती चालवणाऱ्या युनबाईंशी गेली आठ वर्षं त्यांची ओळख म्हणजे फळा पुसल्याची चिठ्ठी आणि जाता-येता हसणं, इतकीच.

"सगळंच नेताय?" युनबाईंनी विचारलं.

"माझं संपलं इथलं," आसावरीबाई म्हणाल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. गुडघे बोलत होते.

समोरच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती. घोड्यावर एक बाई, मागे दोन तरणे मुलगे, लांबच लांब माणसांची रांग.

"ही कोण?"

"सोसोनो. बेक्जे नावाचं आमचं जुनं राज्य कसं उभं राहिलं, ते शिकवतेय," युनबाई म्हणाल्या. "दोन हजार वर्षं झाली. हिने नवऱ्याला गोगुर्यो राज्य उभारायला मदत केली, घरचं सगळं ओतलं. मग त्याचा पहिल्या बायकोचा मुलगा आला आणि गादी त्याच्याकडे गेली."

"मग? भांडली?"

"नाही. मुलांना घेऊन दक्षिणेला निघाली. तिथे थोरल्याने समुद्रकाठ निवडला. जमीन खारट, लोकांचे हाल झाले, खंत करत गेला बिचारा. धाकटा ओंजो हान नदीकाठी राहिला. थोरल्याची माणसं त्याच्याकडे आली, त्याने सामावून घेतली. त्यातून बेक्जे झालं. निदान एक कथा तरी असं सांगते."

आसावरीबाईंनी विचारलं, "निघताना ती दमलेली होती का हो?"

युनबाई हसल्या. "लिहिणारे सगळे पुरुष. ते कोणी लिहिलेलं नाही."

महिनाभर नेत्रा आसावरीबाईंच्या मागे लागली होती. तिचा मुलगा वीर मराठी शाळेत होता. "काकू, सहा-सात फॅमिलीज तयार आहेत, तुम्ही नवी शाळा काढा ना," ती म्हणायची, आणि प्रत्येक वेळी या नाही म्हणायच्या. नव्याने उभं करायचं म्हणजे पुन्हा फोन, पुन्हा रुसवेफुगवे, आणि घरी आल्यावर चहा पुढे करणारं कोणी नाही.

त्यांनी विचारलं, "शनिवारी तुमची ती कोपऱ्यातली खोली रिकामी असते का?"

"असते. हीटर मात्र आवाज करतो."

घरी येऊन त्यांनी नेत्राला फोन केला. "एकच तास. मी बसून शिकवणार. फोन, ईमेल, कमिटी, सगळं तुझ्याकडे. आणि अतुलच्या शाळेबद्दल वाकडं बोलायचं नाही. तीही माझीच आहे."

पहिल्या शनिवारी सात मुलं आली. एक मुलगी दारातच रडायला लागली. वीरने फळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आय कान्ट डू धिस." हीटर खडखडत होता. आसावरीबाईंनी 'ळ' चौदा वेळा म्हणून दाखवला. दोघांना जमला, बाकीच्यांचा 'ल'च राहिला.

तास संपल्यावर त्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुरू न करता, स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच. नेत्राने काचेवर टकटक केलं.

"काकू, बरं वाटत नाहीये का?"

"दमलेय गं, दुसरं काही नाही." त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. "वीरचे डोळे तपासून घे. त्याला लांबचं दिसत नाही. आणि पुढच्या वेळी त्याला माझ्याजवळ बसव."